पाहुणी

मी बर्फ ढकलतो. नोव्हेंबर ते एप्रिल.
नॉर्डविकपासून विनिपेगच्या दिशेला जाणारा रस्ता,
रात्री खरं तर नसतोच तो,
मी जिथून जातो त्याला लोक रस्ता म्हणतात.

आधी फोन यायचा डॉक्टर थोराचा, तळ्याकाठच्या घरातून:
"एगिल, ब्योर्नसनांची सून आलीये. निघतोस?"
मी पुढे, पातं जमिनीला टेकवून,
मागे तिची निळी गाडी
माझ्या दोन लाल दिव्यांवर विसंबून.
अकरा किलोमीटर.
सहा खाटांच्या इस्पितळामागे मी इंजिन चालू ठेवायचो,
कोपऱ्यातल्या खोलीचा पडदा पिवळा.
कधी थर्मास संपायच्या आत, कधी उजाडल्यावर
ती बाहेर यायची, बाह्या अजून कोपरावर,
काचेवर टकटक:
"मुलगी. सुटली बाई."
आणि माझ्याच कपातली कॉफी पिऊन टाकायची.

मग भूल देणारा डॉक्टर अल्बर्टाला गेला.
रात्रपाळीची नर्स निवृत्त झाली.
विम्याचा हप्ता वाढला, बाळंतपणं कमी झाली,
वर्षाला वीस, हात सरावात राहायला एवढी पुरत नाहीत म्हणे.
त्या खोलीत आता चाकाच्या खुर्च्या आहेत
आणि नाताळचं झाड, घडी घालून.

आता ती बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पोटाला कान लावते,
मग पत्र लिहून देते.
बाया दिवस भरायच्या आधीच शहरात जातात,
मोटेलात राहतात, चुलतबहिणीच्या तळघरात राहतात,
परत येतात तेव्हा कुशीत कुणीतरी असतं.
थोरा त्याला तराजूत ठेवते, जांघेतले सांधे तपासते,
नाव विचारते.
पूर्वी तिला नावाआधी आवाज ठाऊक असायचा.

एकदा टपाल कचेरीत मी बडबडलो यावर.
तिनं पाकिटांना दोरा बांधत विचारलं,
"इंगाला विसरलास?"
इंगा माझी बहीण.
त्या रात्री इस्पितळात रक्ताच्या दोनच पिशव्या होत्या
आणि विमान उडेना.
"शहरात रक्त असतं, एगिल.
पहाटे तीनला जागा असलेला सर्जन असतो.
रडगाणं गाऊ नकोस."
मी काही बोललो नाही. विसरलो नव्हतो.

या फेब्रुवारीत मारिव्हिक. नवरा तळ्यावर,
बर्फाला भोकं पाडून मासे धरणारा, फोन लागेना.
तीन आठवडे आधीच कळा.
मी पुढे, मागे रुग्णवाहिका, तिच्यात थोरा,
कंबरेवर तळहात दाबून
एकशे साठ किलोमीटर.

मोठ्या इस्पितळात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं,
"तुम्ही त्यांच्या कोण?"
थोरानं थोडा वेळ घेतला.
मग छातीवर एक कागद चिकटवून घेतला: पाहुणी.
आत सवयीनं हात धुतले, कोपरापर्यंत,
कुणीतरी मायेनं म्हणालं, आजी, गरज नाही त्याची,
आणि खुर्ची दिली.
उशाशी.

जन्मभर पायथ्याशी उभी राहिलेली बाई.

मी खाली गाडीत, कॉफी थंड.
चारच्या सुमाराला काचेवर टकटक.
"मुलगा. सुटली."
कप घेतला, पण प्यायली नाही, हात शेकत राहिली.
"तिनं माझा हात एवढा आवळला
की अंगठी रुतली बघ," म्हणाली.
"डोकं बाहेर येताना बाई कुठं बघते, माहितीये तुला?
मला नव्हतं माहीत."

कुठं बघते, ते सांगितलं नाही तिनं.
कोटावरचा कागद तसाच होता.
परतीच्या रस्त्यावर पुन्हा गुडघाभर साचलं होतं.
मी पातं खाली केलं.