मिसकॉल

रात्री दहाच्या पुढं एक रिंग द्यायची.
म्हणजे: जागी आहे.
दोन म्हणजे: आला गं, लेकराचा आवाज आला.
तीन म्हणजे काय, ते आम्ही ठरवलंच नाही.

ओळख नांदेडच्या फलाटावरची.
विशाखापट्टणमची गाडी निघून गेली
आणि ती बाकावर बसून राहिली. मीही.
पदराखालून डबा काढला, उरलेला धपाटा मोडला,
"तुमचा कशात?"
म्हटलं, "पाणबुडीत."
शब्द नवा होता, नव्या चपलेसारखा चावत होता.
"हौ? हमारा भी," म्हणाली हलीमाबी,
आणि दुसरा अर्धाही मलाच दिला.

माझी उदगीरला पिठाची गिरणी.
आवाजावरून कळतं मला
ज्वारी दमट आहे, का पाळूला टाकी लावायला झालीय.
पोरगा म्हणतो, "आई, माझंही तेच काम.
कानाला लावून बसायचं,
अंधारात कोण चाललंय ते ऐकायचं."
खाली झिंगे तडतडतात म्हणे,
फोडणीत मोहरी पडावी तसे.
याच्या पुढचं तो सांगत नाही.
मीही उकरत नाही.

शेवंताबाई लोह्याची. तिचा तिथं स्वयंपाकी.
तिला वाटतं आपली तिन्ही लेकरं एकाच ताटावर बसतात.
बोटी वेगवेगळ्या आहेत, दहादा सांगून झालं.
ऐकून घेते, आणि पुन्हा विचारते,
"तुमच्याला तिखट चालतं का? सांगून ठेवते मी."
टीव्हीवर समुद्राचं काही लागलं
की पहिला फोन तिचाच: बंद कर.
उदगीर, परभणी, लोहा,
तिन्हीकडचे टीव्ही एका मिनिटात काळे.

सुट्टीवर आला की कपड्यांना डिझेल.
तीन धुण्यांत जात नाही.
हलीमाबी म्हणाली, लिंबू चोळ.
शेवंताबाई म्हणाली, राहू दे माय,
तो गेल्यावर उशीत तेवढंच राहतं.
आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी.
बादली देताना म्हटलं, पुरवून वापर.
दोन तांब्यांत आटपून बाहेर आला, हसत,
"आई, तिथं याच्याहून कमी मिळतं."
एवढ्या पाण्याच्या पोटात राहून!
त्या रात्री भांड्यांसाठी ठेवलेलंही
मी त्याच्यासाठी तापवलं.

या खेपेला एक्कावन्न दिवस झाले होते.
सोमवारी रात्री हलीमाबीची रिंग आली. एकच.
मी उलट लावला.
"काय करलालीस?"
"कुछ नहीं, चूड्या गिन रई."
आवाज रोजचाच. पण तळाशी कुठंतरी सैल,
वरची ज्वारी संपल्यावर
गिरणी हलकी फिरते ना, तसा.
बाहेर उभ्या माणसाला ते कळत नाही.

तिच्या पोराचा फोन येऊन गेला होता.
मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.
गुडघ्यांचं बोललो, लाल काचेच्या भावाचं बोललो.
मंगळवारी एक रिंग. बुधवारी एक रिंग.
शिरखुर्म्याचं सामान घरात असूनही
तिनं चूल गोड केली नसणार,
हे मला इथं बसून ऐकू येत होतं.

गुरुवारी दुपारी, पिठाच्या हातानं फोन धरला.
"आई, जेवलीस का?"
मी गिरणीचं बटण खाली केलं.
रांगेतल्या बाया ओरडल्या, "लाईट गेली का?"
"नाही," म्हटलं, "थांबा जरा."

रात्री दोन रिंगा दिल्या.
पाच मिनिटांनी तिच्या दोन आल्या,
तीन दिवस दाबून ठेवलेल्या.
"आज आया," ती म्हणाली.
"आजच का? बरं झालं माय," मी म्हणाले.
तिचंही खोटं, माझंही.

मग काही न ठरवता
दोघींनी शेवंताबाईला रिंग दिली.
माझी एक. तिची एक.
माझी कट व्हायच्या आतच तिनं उचलला.
"जागीच होते गं. एक सांग,
तुझ्याला तिखट चालतं ना?"
"चालतं," म्हटलं मी, पहिल्यांदाच,
"जरा जास्तच घाल म्हणावं."