चौथा

सूरच्या खाडीवर, पूर्वी जिथे गलबतं बांधत त्या काठाला
हमदुले काठी धरतो. काठीवर पांढरी टोपी.
बुडबुडा मधोमध आण, मी म्हणतो, आणि हलू नकोस.
लग्नात फोटोवालाही हेच सांगत होता, तो म्हणतो.

पडद्यावर आकडे निवळत जातात.
कुणीही आपल्याला बघत नाहीये,
हे त्याला दर वेळी नव्याने सांगावं लागतं.
वीस हजार किलोमीटरवरून ते फक्त वेळ सांगतात,
आणि स्वतः कुठे आहेत ते.
वाटेत झालेला उशीर आपण मोजायचा,
सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग.
उशीर म्हणजेच अंतर.

मग तीन पुरेत की, हमदुले म्हणतो.
बरोबर आहे. तिघांचे तीन गोल
एकमेकांना दोनच बिंदूंत छेदतात,
त्यातला एक कुठेतरी भलतीकडे, आभाळात.
तो सोडून द्यायचा.

चौथा आपल्या घड्याळासाठी.
त्यांची अणूंवर चालतात. आपलं डब्यातलं, स्वस्तातलं.
सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं
तरी तू तीनशे मीटर समुद्रात.
चौथा सांगतो, किती चुकलास.

खाटेवर बसलेले मुबारक ऐकत होते.
जुने नाखुदा. आपल्याकडचा नाखवा, तोच शब्द.
आत जाऊन त्यांनी फळी आणली, वीतभरही नाही,
मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी.
खालची कड पाण्याला, वरची ध्रुवाला,
गाठ दातांत.
ही मंगळूर. ही, मोडक्या हिंदीत, दाभोळ.
हमदुलेने काठी माझ्याकडे दिली
आणि भर दुपारी, ध्रुव नसताना,
दाभोळ दातांत धरलं.
एक डोळा मिटून बराच वेळ उभा राहिला.

पूर्व-पश्चिम कशी कळायची? मी विचारलं.
मुबारक हसले.
किनारा दिसला की.

रस्त्याचे अजून सहा बिंदू बाकी होते.
मी काठी घेऊन बाणामागे निघालो:
पूर्वेला चार मीटर. दोन.
दक्षिणेला चाळीस सेंटिमीटर.
अकरा.
खाटेचा पाय आडवा आला.

मुबारकांनी काही न विचारता
दोन्ही पाय वर घेतले.
हमदुलेच्या तोंडात अजून दोरी होती.
खिळा मलाच ठोकावा लागला.