अंतर न देता

नोव्हेंबर शेहेचाळीस. व्रोत्स्वाफ.
शहराचं नाव नवं, भिंती जर्मन,
नळाच्या तोटीवर अजून परकी अक्षरं,
वर्गाच्या खिडकीत काचेऐवजी
कुठल्याशा दुकानाची पाटी, उलटी ठोकलेली.
आम्ही अकरा जण, ओव्हरकोटासकट बसलेले.
खडू नव्हता. हाल्श्काबाई
कोळशाने भिंतीवरच लिहीत.

त्या दिवशी म्हणाल्या, "समजा,
ल्वुफमधलं एक अंगण.
मधे विहीर. भोवती तीन दारं:
एक माझं, एक ओनुफ्री चांभाराचं,
एक माझ्या भावाचं, तिमोनचं.
प्रत्येक दारातून विहिरीपर्यंत वीस पावलं.
दारादारांत कुंपणं; कुणाकडेही जायचं
तर विहिरीवरूनच. वीस आणि वीस, चाळीस.
आता हे अंगण उचला
आणि सपाट कागदावर ठेवा.
एक पाऊल कमी नको, एक जास्त नको."

आम्ही रेघा ओढल्या, खोडल्या.
यागना म्हणाली, "कागद पुरत नाही,
हवेत जाऊ या?"
"जा की. चौथ्या मितीत जा, शंभराव्या मितीत जा.
सरळ रेघेला मध्य एकच असतो.
विहीर माझ्या आणि ओनुफ्रीच्या बरोबर मधे,
माझ्या आणि तिमोनच्याही बरोबर मधे,
म्हणजे ओनुफ्री आणि तिमोन एकाच दारात!
गृहवाटप कचेरीला हे आधीच कळलंय,
तिने तीन बिऱ्हाडं एका खोलीत घातली."
आम्ही हसलो. तोंडातून वाफा निघाल्या.

मग त्यांनी सपाट जागेचा नाद सोडला.
"कोण कुठे आहे ते विचारूच नका.
कुणापासून किती लांब, ते विचारा.
ती यादी, तोच पत्ता."
आणि भिंतीवर उतरवलं:

मी: शून्य, चाळीस, चाळीस, वीस.
ओनुफ्री: चाळीस, शून्य, चाळीस, वीस.
तिमोन: चाळीस, चाळीस, शून्य, वीस.
विहीर: वीस, वीस, वीस, शून्य.

"दोन याद्या शेजारी धरा,
रकान्यागणिक फरक काढा.
सगळ्यात मोठा जो फरक, ते अंतर."

मी दोनदा मोजलं. एक पाऊलही सांडलं नव्हतं.
अख्खं अंगण, विहिरीच्या ओल्या कठड्यासकट,
आकड्यांत येऊन बसलं होतं.
मालगाडीतून नऊ दिवस येताना
आमचा आरसासुद्धा इतका शाबूत राहिला नव्हता.

मागून कुणीतरी विचारलं,
"तिमोन आता कुठल्या गल्लीत राहतात?"

बाईंनी बाहीने तिसरी ओळ पुसली.
उजवीकडून डावीकडे, सावकाश.
ओळ गेली. तिसरा रकाना राहिला:
त्यांच्या यादीत चाळीस,
ओनुफ्रीच्या यादीत चाळीस,
विहिरीच्या यादीत वीस.
त्या रकान्यात शून्य मात्र
आता कुणाकडेच नव्हतं.

"उरलेल्या तिघांची अंतरं तपासा."
तपासली. होती तशीच होती.
गणिताला तो रकाना लागतच नव्हता.
"मग हाही पुसू?" यागना उठली,
हातरुमाल काढून.

"असू दे," बाई म्हणाल्या.
"त्याने काही बिघडत नाही."

तास संपला तेव्हा त्यांची बाही
कोपरापर्यंत काळी झाली होती.
ट्रामच्या थांब्यापर्यंत मी पावलं मोजत गेलो,
कशापासून, ते न ठरवताच.