दुपारी एक वाजता

दुपारी एकच्या सुमाराला
शेडमधला पंखा मला ओळख द्यायचा नाही.
फोनवर त्याच्या नावापुढे राखाडी ठिपका,
फॉगर राखाडी, दमटपणा मोजणारी डबी राखाडी,
आणि तिसऱ्या झोपेतून उठलेल्या चाळीस हजार अळ्या
तुतीच्या कोमेजत्या पानांवर.

सकाळी सगळं हिरवं.
रात्रीही.
पत्रा तापून कडकड वाजायला लागला
की नेमकं तेव्हाच.

हिंगणघाटहून लीलाधर आला,
हँडलला केबलचं भेंडोळं, तोंडाला दुपट्टा.
आला तो सकाळी नऊला.
राउटरचे दिवे बोटाने मोजून म्हणाला,
"ताई, चालू तं हाय."
दुपारी ये म्हटलं, तर
"दुपारी उन्हात कोन येते?"
चहा पिऊन गेला.

मग माझं मीच.
बंद केलं, चालू केलं. पासवर्ड बदलला.
जाऊबाईंच्या पोरावर उगीच ओरडले,
त्याच्या गेमवर आळ घेतला.
एका वायफायची दोन नावं केली,
एक तेज पण जवळचं,
एक हळू, पण लांब जाणारं.
पंख्याला हळूवालं दिलं, त्याला कुठे सिनेमा पाहायचाय?
पोरीने त्याचं नाव ठेवलं
'अळ्यांसाठी, हात लावू नये'.
दोन दिवस बरं वाटलं,
म्हणजे सकाळीच जास्त हिरवं वाटलं.

शेवटी रेशीमवाल्यांनी दिलेली वही काढली,
तापमानाच्या रकान्यांची,
आणि त्यात घर लिहायला बसले.
आठ दहा, मिक्सर.
साडेदहा, विहिरीवरची मोटार.
बारा चाळीस, मामाजी जेवले.
बारा पंचावन्न,
कुलर.

कुलर.
चाकांच्या स्टँडवर, मामाजींच्या उशाशी, खिडकीला लावून.
पत्र्याचं अंग, तिन्ही बाजूंनी ओल्या ताट्या,
पोटात साठ लिटर पाणी.
अलीकडे फळीवर राउटर,
पलीकडे खिडकी, अंगण, शेड.

नाल्यावर पाणी चढलं की एसटी अलीकडेच थांबते,
हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत.
आमचा नाला घरातच होता,
आणि त्याला चाकं होती.

बटण बंद केलं. फोन पाहिला.
हिरवं.
मामाजींनी डोळे उघडले,
"लाइन गेली का वं?"
नाही म्हटलं, आणि बटण दाबलं.
राखाडी.

तीस वर्षं जिनात फिटर होते.
रुई अजून छातीत उडते म्हणतात,
ऊन चढलं की एक एक श्वास मोजून घेतात.
त्यांनाही अठ्ठावीसच्या वर सोसत नाही,
अळ्यांनाही.
कुणाचा गारवा कुणाला द्यायचा,
हे वहीच्या कुठल्या रकान्यात लिहू?

हे मी बोलले नव्हते. पण ते उठून बसले,
फोन मागून घेतला, ठिपका पाहिला,
मग कुलर, मग फळी, मग वर आडं.
जिनातले पट्टे असेच बघत असतील.
"हवेतून जानारी चीज हाय न ते?
मंग कमरेइतकी कायले ठेवली? उंच टांग."

जुनं शिंकं निघालं माळ्यावरून.
केबल हातभर कमी पडली,
तर लीलाधरला उन्हातच यावं लागलं,
मामाजींनी फोनवर काय सांगितलं कोण जाणे.
स्टूल त्यांनी धरलं, दोन्ही हातांनी, धापा टाकत.
फवारणीच्या पंपाची बॅटरी राउटरला जोडून दिली,
लाइन गेली तरी दिवा जाऊ नये म्हणून.

आता कुलरच्या डोक्यावरून,
झरोक्यातून, अंगणावरून
जातं जे जायचं ते.
आज अळ्या चौथ्या झोपेत,
माना वर करून दगडासारख्या.
मामाजीही झोपलेत, तोंड उघडं.
वहीत लिहिलं, एक वाजता, सत्तावीस.

शिंक्यात चिमणीने दोन काड्या आणून ठेवल्यात.
काढल्या नाहीत.
सिग्नलला अजून तरी
त्यांची अडचण नाही.