शासितांची संमती

पहाटे साडेपाच. नाशिकला थंडी, सातपूर अजून झोपलेलं.
पडद्यावर ओहायोचा ओवेन,
त्याच्याकडे अजून कालचीच संध्याकाळ.

सत्तेचे तीन भाग शिकवते मी:
कायदा करणारे, राबवणारे,
तो घटनेत बसतो का ते तपासणारे.
"तिघं कशाला?"
एकाचंच चालू नये म्हणून, बाळा.

मग व्हेटो.
अध्यक्ष नाही म्हणू शकतो,
दोन तृतीयांश जमले तर तेही मोडतं.
"मिस, तुमच्या घरी व्हेटो कुणाकडे?"

नळाला पाणी आलंय.
आई न बोलता हंडे लावते.
रविवारी देवळालीची माणसं येणार,
बाबांनी परस्पर होकार कळवलाय.

पुढचा शब्द: शासितांची संमती.
घसा खाकरते.
"हा उद्या घेऊ."

"तुमचा उद्या, मिस," तो विचारतो,
"की आमचा?"