कमी बोलणारे टायर

निनावे उकिडवा बसून
टायरच्या पाठीवरून तळहात उलटा फिरवतो.
ताई, याची तं करवत झाली. पाहा हात लावून.
मी लावते.
एकीकडून जाताना गुळगुळीत, परतताना दात.

गाडी सेकंडहँड, एका बिल्डरची होती.
आत पांढरं कातडं, इंजिन सुरू आहे की नाही
तेही काटा बघून कळतं.
पण चालायला लागली की पायाखालून घूंऽऽ,
वर्धा रोडवर जरा कमी, मनीषनगरच्या सिमेंटवर अशी
की बाबा फाटकाच्याही आधी
कानातलं मशीन काढून खिशात टाकतात.
मग मी बोलते आणि ते काचेबाहेर बघतात.
दीड वर्ष.

तुमाले आवाज नको का खर्च नको? निनावे विचारतो.
आवाज.
तं मंग हे कडक पोटाचे काढा.
पंक्चर झालं तरी चालते म्हणून कंपनी देते,
पण खड्डा जसाच्या तसा वर पाठवते.
मऊ घ्या. मऊ रबर कमी बोलते.
झिजते लवकर, आपल्याकडच्या उन्हात तं अजूनच.

एकेक टायर गडगडवत आणतो.
एकाच्या पोटात स्पंजाची पट्टी.
दुसऱ्याच्या नक्षीत ठोकळे लहानमोठे, मुद्दाम बेशिस्त.
सारखे असले की एकाच सुरात वरडते,
वेगळेवेगळे असले की एकमेकाचा आवाज खाते.
आमच्या घरात हे कुणी करून पाहिलं नाही.

मी हिशेबाची बाई, बाजूवरची तारीख आधी वाचते.
यंदाचा, अकरावा आठवडा.
चार मिळून अडुसष्ट हजार, जुने जमा करून.
बाबांना चाळीस सांगायचं.

बाबा बाकावर, धडधडणाऱ्या कंप्रेसरच्या शेजारी,
चहा बशीत ओतून, निवांत.
एकतीस वर्षं मिलच्या लूम शेडमध्ये होते.
तिथे माणसं एकमेकांचे ओठ वाचायची.
अजूनही ते डोळ्यांकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात.
त्यांच्याशी खोटं बोलायचं तर
ओठ सांभाळावे लागतात.

छत्रपती चौक, सोमलवाडा, मग वळण, मग सिमेंट.
रस्त्याचे जोड येतात, धप, धप, पण लांबून,
भिंतीपलीकडे कुणी पोळ्या लाटाव्यात तसे.
घूं गेली.
तिच्याखालून काय काय निघालं:
डिक्कीतला रिकामा डबा,
डाव्या दाराची किरकिर,
माझं नाक. इतका आवाज करते मी श्वास घेताना?

बाबा खिशातून मशीन काढतात, कानात बसवतात.
किती पडले?
चाळीस.
हं. आन गाडीचा हप्ता किती हाय, मंदे?

दीड वर्ष हा प्रश्न
मागच्या सीटवर बसून आमच्याबरोबर फिरत होता.
सांगते. हप्त्याचा आकडा खरा सांगते.
मग टायरचाही.
ते मान हलवतात, जशी पूर्वी
पगाराच्या पाकिटाकडे बघून हलवायचे.

बेलतरोडीच्या अलीकडे हात परत कानाकडे जातो.
अजून वाजतंय का बाबा?
टायर नाही. साचे.
थे माह्या कानातले बंद झालेच नाही कधी.
गाडी वाजे तं खाली दबून राहे.
आता मोकळे झाले.

काही सुचत नाही.
निनावेच्या दुकानात याच्यासाठी काही नव्हतं,
मी विचारलंही नव्हतं.
एसी बंद करते.
त्यांच्या बाजूची काच चार बोटं खाली घेते.
त्रेचाळीस अंशांची हवा आत शिरते,
मागून ऑटोचा हॉर्न, रसवंतीच्या चरकाची घुंगरं,
कुणीतरी कुणाला तरी गण्याऽऽ म्हणून बोलावतं.

बाबांचा हात कानापासून खाली येतो, रिकामा.
अजून थोडी घे, म्हणतात.
घेते.