रविवारपुरतं

संग्रहालयानं वस्त्यांमधून कळवलं होतं:
घरातली एक जुनी वस्तू आणा.
कुणी मिलचा बिल्ला आणला, कुणी शिसवी धोटा.
विडी घरकुलातून नरसम्मा म्याकल आल्या
सूप, कात्री, पत्र्याचा फर्मा घेऊन.

फॉर्म मी भरत होतो.
"किती जुनं?"
"सासूचं. तिच्या बोटानं कड गेली बघा इथं."
"वापर कधी थांबला?"
हसल्या. "आज सुट्टी हाय की."

काचेच्या पेटीत, दिव्याखाली,
फर्मा एखाद्या नाण्यासारखा दिसला.
मला शिंक आली.

संध्याकाळी भाषणं लांबत गेली.
पाहुणे 'वारसा' म्हणत होते तेवढ्यात
पहिल्या रांगेतून त्या उठल्या:
"कुलूप काढा, बाबा.
उद्या हजार वळायच्यात."

पेटीत तंबाखूचा भुगा उरलाय थोडा.
शिपाई फडकं घेऊन आला.
म्हटलं, राहू दे.